मोटारीची कमान आणि घरचा हात

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान. वक्त्यांनी स्वतः लिहून दिलेल्या टिपणावरून.)



मंडळाच्या चिटणीसांनी व्याख्यानाचे निमंत्रण दिले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, सदतीस वर्षे खडू हाती धरलेला हा मनुष्य शिक्षणाचे महत्त्व किंवा मुलांवरील संस्कार यांवर चार शब्द बोलेल. मी विषय कळविला तो मोटारीच्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर घरच्या घरी बदलण्याचा. चिटणीसांनी दूरध्वनी करून विचारले, "गुरुजी, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नाही. हाही शिक्षणाचाच विषय आहे, आणि आपल्या ज्ञातीचा तर तो घरचा विषय आहे.

मी इंजिनिअर नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन शिक्षक झालेला मी एक साधा मनुष्य आहे. तेव्हा मी जे सांगणार आहे ते स्वतःच्या हातांनी केलेल्या, आणि एकदा चुकलेल्या, कामाच्या आधारावर. त्यातील शास्त्र पुस्तकांतून पडताळून घेतले आहे. चूक मात्र सर्वस्वी माझी आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एके काळी भाता आणि ऐरण होती. आमच्याही होती. वडिलांकडे उसाच्या हंगामाआधी कोयत्यांचे काम येई. त्यासाठी ते भंगारवाल्याकडून मालमोटारीचे मोडके पाटे आणीत. पाटा म्हणजे मालमोटारीच्या कमानीची पट्टी. हे पोलाद मोठे गुणी असते. वडील पाट्याचा तुकडा तापवून घडवीत, धार काढीत, पाणी देत. आणि मग तोच कोयता पुन्हा मंद आचेवर धरून त्याच्या घासलेल्या अंगावर चढणारा रंग पाहत बसत. रंग वाळल्या गवतासारखा पिवळसर झाला की ते म्हणत, "हा धारेचा रंग." त्यापुढे जांभळा आणि मग निळा येई. "हा कमानीचा रंग," असे ते सांगत. पाणी दिलेले पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. त्याला पुन्हा बेताची ऊब दिली म्हणजे त्याचा ठिसूळपणा जातो आणि ते वाकून परत सरळ होण्यास शिकते. वडिलांना शाळेचे तोंड ठाऊक नव्हते. परंतु धातुशास्त्राचा हा धडा त्यांच्या डोळ्यांत होता.

मी नोकरीस लागलो आणि भाता थंड झाला. खरे सांगावयाचे तर त्या वेळी मला हायसे वाटले होते. पांढरा सदरा, खडूची धूळ, गावात "गुरुजी" म्हणून मान. काळ्या हातांची मला लाज वाटत असे. ही कबुली आधीच देऊन ठेवतो, कारण आजच्या कथेचा शेवट तिच्याशी जुळणार आहे.

आता मूळ विषय. मोटारीस कमान कशासाठी? बैलगाडीस कमान नसते; रस्त्यातील प्रत्येक धोंडा बसणाऱ्याच्या मणक्यास कळतो. टांग्यास कमानी आल्या आणि तो धक्का सौम्य झाला. मोटारीने टांग्याचीच कमान उचलली. आपल्या देशातील जुन्या गाड्या आठवा. २०१४ साली बंद झालेली अँबॅसडर काय किंवा मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची प्रीमियर पद्मिनी काय, दोहींच्या मागल्या चाकांवर पाट्यांच्याच कमानी होत्या. पुढे छोट्या गाड्यांत चारही चाकांवर पिळाच्या, म्हणजे गुंडाळलेल्या तारेच्या, स्प्रिंगा आल्या. माझी गाडी मारुती अल्टो. ती भारतात २००० साली आली. माझी प्रत २०१० सालची. निवृत्त झाल्यावर मी ती एका परिचिताकडून जुनी म्हणून घेतली.

कमानीसंबंधी एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. धक्का कमान शोषून घेते असे आपण म्हणतो. वास्तविक ती तो केवळ साठवते आणि लगेच परत करते. नुसत्या कमानीवर उभी केलेली गाडी एका खड्ड्यातून गेली तर पुढे कितीतरी वेळ पाळण्यासारखी हिंदकळत राहील. हे हिंदकळणे थांबविण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे, ज्याला गॅरेजमधील मंडळी "शॉकअप" म्हणतात. ही तेलाने भरलेली एक नळी असते. तिच्यातील दट्ट्यास बारीक छिद्रे असतात आणि चाक वरखाली झाले की तेलास त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. त्या घर्षणात हालचालीची उष्णता होते. खराब रस्त्यावरून बराच वेळ गाडी चालवून उतरलात आणि शॉकॲब्सॉर्बरला हात लावलात, तर तो कोमट लागेल. रस्त्यावरचे सारे धक्के त्या उबेत विरलेले असतात. तात्पर्य, वजन पेलते ती कमान आणि धक्का जिरवितो तो शॉकॲब्सॉर्बर. दोघांपैकी कोण थकले आहे हे ओळखता आले पाहिजे.

ओळखण्याची रीत सोपी आहे. गाडीचा एक कोपरा हातांनी जोराने दाबून सोडावा. तो वर येऊन स्थिर झाला तर ठीक. दोन-तीन हेलकावे खाल्ले तर शॉकॲब्सॉर्बर गेला. नळीवर तेलाचा ओघळ व त्यावर चिकटलेली धूळ दिसली तरी तेच समजावे. टायर एकसारखा न झिजता ठिकठिकाणी खळग्यांसारखा झिजला असेल, ब्रेक लावताच गाडी नाक खाली घालत असेल, तर हीही तीच लक्षणे. कमानीची तपासणी निराळी. सपाट जमिनीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजावे. डाव्या-उजव्या बाजूंत स्पष्ट फरक आढळला तर एक कमान बसली आहे किंवा मोडली आहे. पुष्कळदा शेवटचा वेढाच मोडतो. कारण तेथे पाणी, चिखल साचतो, रंग खरवडला जातो आणि गंज चढतो. मोडलेला तुकडा खोबणीत तसाच बसून राहतो आणि वरून पाहणाऱ्यास काही कळत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीच्या मागल्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळू लागले. मागची डावी कमान शेवटच्या वेढ्यात मोडलेली निघाली. पुढल्या जोडीचीही तीच वाट. साताऱ्याहून गावी जाताना सौभाग्यवतींची कंबर धरू लागली. एका गॅरेजमध्ये चौकशी केली, तेव्हा अंदाजपत्रक माझ्या महिन्याच्या पेन्शनच्या निम्म्यास टेकले. त्यात सुटे भाग किती आणि मजुरी किती, हे विचारताच उत्तर असे मिळाले की, "गुरुजी, ते तुम्हांला समजणार नाही." वर्गात हे वाक्य मी कधी कोणा मुलास ऐकविले असेल काय, असा विचार घरी येताना मनात आला. बहुधा ऐकविले असेल.

पुतण्या पुण्यास संगणकाच्या कंपनीत आहे. तो दिवाळीस आला होता. तो म्हणाला, "काका, आपणच करू. मी मोबाइलवर सगळे पाहून ठेवले आहे." सुटे भाग आणले. अंगणात गाडी उभी केली. आणि पहिल्याच दिवशी आमची चूक झाली.

ही चूक नीट समजून घ्यावी, कारण ती भल्याभल्यांकडून होते. आम्ही मागची बाजू जॅकवर उचलीत होतो. मी हातब्रेक ओढला होता, आणि ब्रेक ओढला म्हणजे गाडी बांधली गेली अशा समजुतीने गिअरमधून मोकळी ठेवली होती. परंतु हातब्रेक बहुतेक छोट्या मोटारींत मागल्या चाकांस धरतो. मागली चाके जमिनीवरून सुटली की तो हवेतील चाकांस घट्ट धरून बसतो. जमिनीवरच्या पुढल्या चाकांना धरणारे कोणी उरत नाही. अंगणास बोटभर उतार होता. गाडी विशेष आवाज न करता एक वीतभर पुढे सरकली, जॅक तिरपा झाला आणि मागचा भाग धप्पकन खाली आला. पुतण्याचा हात त्याच्या क्षणभर आधी चाकावरच्या पोकळीत होता. नट पडला म्हणून तो उचलावयास तो वाकला, एवढेच निमित्त.

आम्ही दोघेही काही वेळ ओट्यावर बसून राहिलो. आतून सौभाग्यवतींनी विचारले, "काय पडले?" मी म्हणालो, "जॅक." त्याहून अधिक काही त्या दिवशी सांगितले नाही. काम तेथेच बंद केले.

तेव्हा पहिला नियम असा. मागची बाजू उचलावयाची असेल तर पुढल्या दोन्ही चाकांस पुढून व मागून लाकडी ठोकळे घट्ट लावावेत आणि पुढली चाके ओढणाऱ्या गाडीत ती गिअरमध्येही ठेवावी. पुढची बाजू उचलावयाची असेल तर हातब्रेक ओढून मागल्या चाकांस ठोकळे लावावेत. जमीन सपाट व टणक हवी; मातीच्या किंवा शहाबादी फरशीच्या अंगणात जॅकखाली जाड फळी हवी. आणि सर्वांत मुख्य म्हणजे जॅक हे उचलण्याचे साधन आहे, आधाराचे नव्हे. गाडी उचलली की तिच्याखाली दोन्ही बाजूंस घोड्या, म्हणजे पायांवर उभे राहणारे लोखंडी आधार, गाडी बनविणाऱ्यांनी दाखविलेल्या जागी लावावेत आणि मगच हात आत घालावा. विटा रचून तर कदापि नव्हे. वीट आधी इशारा देऊन फुटत नाही.

दुसऱ्या रविवारी घोड्या आणून आम्ही पुन्हा आरंभ केला. मागली बाजू सोपी आहे. अल्टोसारख्या गाडीत मागे शॉकॲब्सॉर्बर निराळा आणि कमान निराळी असते. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडविणारे तेल सोडून ठेवावे. त्यामुळे निम्मे भांडण मिटते. गाडी घोड्यांवर ठेवून चाके काढावीत. मग मागच्या आसाखाली जॅक लावून त्याचे वजन किंचित उचलून धरावे. दोन्ही शॉकॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढावेत आणि जॅक हळूहळू खाली सोडावा. या वेळी एकाने ब्रेकच्या रबरी नळीवर नजर ठेवावी. आस त्या नळीवर कधीही लटकू देऊ नये. आस पुरेसा खाली आला की कमान मोकळी होऊन सहज हातात येते. तिच्यात जोर उरलेला नसतो, म्हणून या कामी भय नाही.

नवी कमान बसविताना तिच्या खालचे-वरचे रबर तपासावे आणि तारेचे टोक बैठकीच्या खाचेत बरोबर टेकले आहे ना हे पाहावे. तेल भरलेला नवा शॉकॲब्सॉर्बर बसविण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून सोडावा, म्हणजे आतील हवा वर जाते. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ज्या बोल्टांत रबरी बुश असतात ते अधांतरी चाकांवर पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन आले की मग आवळावेत. नाही तर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. आणि हे भाग नेहमी जोडीने बदलावेत. एका बाजूस नवा आणि दुसऱ्या बाजूस थकलेला असला तर गाडी दोन निराळ्या उंचीच्या बैलांच्या जोडीसारखी चालते.

मागली बाजू आम्ही एका दिवसात पुरी केली. संध्याकाळी पुतण्याचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा होता. साबणाने हात धुता धुता तो म्हणाला, "काका, आता पुढची जोडी उद्या." येथपर्यंत सर्व ठीक होते.

पुढली बाजू निराळी आहे. तेथे शॉकॲब्सॉर्बर आणि कमान एकाच खांबात गोवलेली असतात. या खांबास स्ट्रट म्हणतात. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने या रचनेस आजचे रूप दिले आणि १९५० च्या सुमारास फोर्ड कंपनीच्या गाड्यांतून ती प्रचारात आली. रचना मोठी काटकसरीची आहे. कमी जागेत, थोड्या भागांत काम होते. परंतु तीत एक गोष्ट दडलेली आहे. चाक अधांतरी सोडले तरी स्ट्रटमधील कमान पूर्ण मोकळी होत नाही. ती वरची बैठक आणि खालची ताटली यांच्यामध्ये दाबलेली असते आणि तिला रोखून धरणारा असतो तो माथ्यावरचा एक नट. तो नट काढला तर दाबलेली कमान आपला सारा जोर एका क्षणात परत करते.

हा जोर किती? इंग्लंडातील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने कमानीचा नियम १६७६ साली अक्षरे उलटसुलट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ साली त्याची उकल प्रसिद्ध केली. नियम साधा आहे : कमान जितकी ताणावी किंवा दाबावी तितका तिचा प्रतिकार वाढतो. समजा, एक मिलिमीटर दाबण्यास दोन किलो वजन लागणारी कमान आपण शंभर मिलिमीटर दाबली. तिचा जोर शून्यापासून वाढत दोनशे किलोंवर जाईल. सरासरी शंभर किलो. शंभर किलो गुणिले दशांश मीटर म्हणजे, पाच किलोचा घण दोन मीटर उंचीवरून सोडला असता जेवढा आघात होतो, तेवढी शक्ती तीत साठली. घणाचा आघात काय असतो हे या सभेत तरी मला सांगावयास नको. फरक इतकाच की, घण कोठे पडणार हे मारणाऱ्यास ठाऊक असते. सुटलेली कमान कोठे जाईल हे कोणासच ठाऊक नसते.

म्हणून ती सोडविण्यापूर्वी कमान दाबून धरणारे यंत्र लावावे लागते. साधा प्रकार म्हणजे आकडे असलेले दोन लांब स्क्रू. ते कमानीच्या समोरासमोरच्या बाजूंस अडकवून आळीपाळीने थोडेथोडे आवळावयाचे, आणि बैठकीवरचा दाब पूर्ण गेला याची खात्री झाल्यावरच माथ्याचा नट काढावयाचा. पुतण्याने असे दोन स्क्रू कोणाकडून तरी उसने आणले होते. मी चष्मा पुसून ते हातात घेतले. एकाच्या आट्या मधोमध झिजून गोल झाल्या होत्या आणि दुसऱ्याच्या आकड्यावर केसासारखी बारीक रेघ होती. मी नखाने ती पाहिली, नख अडकले. तडा होता.

मी म्हणालो, "हे लावावयाचे नाही."

तो म्हणाला, "काका, एवढे उलगडून इथेच थांबायचे? लोक व्हिडिओत तर दहा मिनिटांत करतात. मी हळूच आवळीन."

त्याचा आग्रह मला समजत होता. घरी सुरू केलेले काम दुसऱ्याच्या दारी नेण्यात कमीपणा वाटतो. मलाही वाटत होता. शिवाय "तुम्हांला समजणार नाही" हे वाक्य अजून कानांत होते. त्या क्षणी मला वडील आठवले. घणाचा दांडा सैल आहे असे दिसले की, लोखंड तापून लाल झालेले असले तरी ते घण खाली ठेवीत. लोखंड थंड होई, कोळसा वाया जाई, गिऱ्हाईक ताटकळत राही. ते म्हणत, "लोखंड पुन्हा तापवता येते." वाक्य त्यांनी एवढेच सोडलेले असे. पुढचा अर्धा भाग मला वयाच्या पासष्टीत, अंगणात, पुतण्याच्या हाताकडे पाहताना कळला.

मग आम्ही असे केले. स्ट्रट काढण्याचे काम घरीच केले. खालच्या दोन बोल्टांच्या जागेवर खूण केली. ब्रेकची नळी तिच्या पकडीतून सोडवून घेतली. चाकाचा मधला भाग तारेने बांधून ठेवला, म्हणजे नळीस ताण बसत नाही आणि चाक फिरविणारा दांडा आपल्या सांध्यातून निसटत नाही. वरच्या बैठकीचे कडेचे नट काढले; मधल्या नटास हातही लावला नाही. दोन्ही स्ट्रट अखंड निघाले. ते रिक्षात घालून नव्या भागांसह गावातील एका वृद्ध मिस्त्रीकडे नेले. त्याच्याकडे भिंतीस पक्के बसविलेले, कमानीस चहूकडून धरणारे यंत्र होते. त्याने आमचे उसने स्क्रू पाहिले, आकड्यावरची रेघ अंगठ्याने चाचपली आणि पुतण्याकडे पाहून म्हणाला, "हे कुणी लावू दिलं नाही?" पुतण्याने माझ्याकडे बोट केले. मिस्त्री म्हणाला, "मग तुमच्या घरात कुणीतरी लोखंडाचं काम केलेलं असणार."

सभ्य गृहस्थहो, सदतीस वर्षांच्या नोकरीत मला शिफारसपत्रे मिळाली, शाली मिळाल्या. त्या वाक्याने जो आनंद झाला तो निराळाच होता. ज्या काळ्या हातांची मला लाज वाटत असे, त्या हातांची शिकवण त्या दिवशी माझ्या पुतण्याच्या बोटांच्या रक्षणास आली होती.

मिस्त्रीने दोन्ही जोड्या अर्ध्या-पाऊण तासात बदलून दिल्या आणि मजुरी वाजवी घेतली. आम्ही स्ट्रट घरी आणून खुणांवर खूण ठेवून बसविले, नट पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क-पान्याने आवळले. त्यानंतर चाकांची सरळ रेषा, म्हणजे अलाइनमेंट, यंत्रावर तपासून घेतली. पुढील स्ट्रट हलविल्यावर हे टाळू नये, नाही तर नवे टायर पाहता पाहता एका कडेने झिजतात. शंभरएक किलोमीटर झाल्यावर सर्व चाकांचे नट पुन्हा तपासले. खर्च अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी आला. परंतु ते मला गौण वाटते.

आणखी एक इशारा द्यावयाचा राहिला. हल्ली काही तरुण गाडी बसकी दिसावी म्हणून कमानीचा एखादा वेढा कापतात. त्यात दोन दोष आहेत. आठ वेढ्यांपैकी एक कापला तर उरलेली कमान मऊ न होता उलट सुमारे चौदा टक्के अधिक कडक होते; शिवाय कापलेले टोक बैठकीच्या खाचेत नीट बसत नाही. ज्योतीने कापले तर त्या जागी पोलादाचा तो निळा, वाकून सरळ होणारा गुण जळून जातो. उलट काही जण बसलेली कमान उचलण्यास तिच्या वेढ्यांत रबरी गुटके कोंबतात. म्हणजे काही वेढे बंद पडतात आणि सारा भार उरलेल्यांवर पडतो. तिसरे, बाजारात "अधिक मजबूत" म्हणून जाड तारेच्या कमानी मिळतात. तार दहाव्या हिश्श्याने जाड झाली तर कडकपणा दहाव्या हिश्श्याने वाढत नाही. तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने, म्हणजे सुमारे सेहेचाळीस टक्क्यांनी वाढतो. गाडी तयार करणाऱ्याने दिलेल्या मापाचीच कमान घालावी. म्हाताऱ्या माणसांच्या कंबरांचाही त्यात विचार असतो.

आता समारोप करतो. आपल्या ज्ञातीतील तरुण इंजिनिअर झाले, संगणकावर बसले, परदेशी गेले. याचा आनंद आहे. कोणी परत भात्यावर यावे असे मी सुचवीत नाही. मी स्वतः भाता सोडलेला मनुष्य आहे. परंतु हात आणि बुद्धी यांच्यामध्ये आपण जी भिंत घातली, ती मला आता खटकते. पुतण्यास कमानीचे गणित माझ्याहून चांगले येते. पण आकड्यावरची रेघ त्यास दिसली नाही. वडिलांस गणित येत नव्हते. ती रेघ त्यांस अंधारातही दिसली असती. ही नजर पुस्तकात नाही, मोबाइलमध्ये नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि मधला एक हात गळाला तर तिची वाट तुटते. आमच्या घरी तो मधला हात माझा होता.

म्हणून मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. मंडळाच्या कार्यालयात भांड्यांचे कपाट आहे. लग्नकार्यास पातेली, पराती नेऊन आपण परत आणून ठेवतो. त्याच धर्तीवर एक हत्यारांचे कपाट असावे. चांगल्या घोड्या, एक टॉर्क-पाना, निर्दोष असे कमान दाबण्याचे यंत्र, पान्यांचा एक संच. एका कुटुंबास ही खरेदी जड जाते, शंभर कुटुंबांस नाही. कपाटाची किल्ली मात्र अशा गृहस्थाकडे असावी, ज्यास हत्यार देण्याइतकेच नाकारणेही जमेल. महिन्यातून एका रविवारी आपल्यातील वयस्क कारागिरांनी तेथे बसावे आणि मुलांनी, मुलींनीसुद्धा, यावे. काय करावे हे ती कोठेही शिकतील. कोठे थांबावे हे त्यांनी आपल्याकडून शिकावे.

या कपाटास पहिली भेट म्हणून वडिलांचा घण मी आज आणला आहे. त्याचा दांडा मागच्या महिन्यात पुतण्याने नवा बसविला. मी तो हलवून पाहिला आहे; सैल नाही.